मदत हवी आहे: बेसबॉलपटू पुहोल्सचं सेंट लुईसला परतणं बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. माझे बाबा पक्के क्रिकेटवेडे, बेसबॉलचा गंधही नाही. त्यांना मला जून २०१९ मधला सेंट लुईसच्या बुश स्टेडियमवरचा प्रसंग दाखवायचाय. अल्बर्ट पुहोल्स तिथल्या कार्डिनल्स संघाकडून ११ हंगाम खेळला, २००६ आणि २०११ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलच्या विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकून दिली आणि मग एंजल्स या दुसऱ्या संघाकडे गेला. साडेसात वर्षांनी तो तिथे पहिल्यांदा खेळायला आला, तोही प्रतिस्पर्धी म्हणून! अख्खं मैदान उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढून अभिवादन केलं, आणि यष्टिरक्षकाच्या जागी असलेला जुना सोबती यादिएर मोलिना त्याच्या गळ्यात पडला. मी हे कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी डोळे भरून येतात.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच कार्डिनल्सविरुद्ध होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला, तरी लोकांनी टाळ्या वाजवून त्याला डगआउटबाहेर, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेतून बाहेर, बोलावलंच.

तर, त्या पहिल्या फलंदाजीचं न कापलेलं चित्रीकरण कुठे मिळेल? आणि असं टाळ्या वाजवून खेळाडूला अभिवादनासाठी बाहेर बोलावणं, म्हणजे ‘कर्टन कॉल’, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘वन्स मोअर’ म्हटलं तर बाबांना वाटेल, पुन्हा फलंदाजी करायला बोलावतायत. रविवारी ते घरी येतायत, त्याआधी सांगाल का?