डब्यातून, उभ्याने, चोरून: एक अनुभव धागा

स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची एक पद्धत असते. डबा पोटाशी धरायचा, दोन्ही अंगठे झाकणाच्या कडेखाली घालायचे आणि थोडं थोडं फिरवत वर न्यायचं. रात्री साडेअकराला, लाइट न लावता, मी हे बारा-तेरा वर्षं केलं. चिवडा चमच्याने खायचा, मूठ घातली की खसखस आवाज होतो. मग बोटांनी वरचा थर सारखा करायचा, म्हणजे सकाळी कोणाला कळत नाही. त्यानंतर शेव, मग फ्रिजमधली संत्रा बर्फी, मग थंड पोळीला गूळ लावून. भूक नसायची. चवही कळायची नाही. थांबता यायचं नाही, एवढंच. सकाळी आरशासमोर स्वतःला जे बोलायचे ते वैऱ्यालाही बोलवत नाही. "आजपासून सगळं बंद" म्हणून दुपारपर्यंत नुसता कोरा चहा, आणि रात्री पुन्हा डबा.

नागपुरात बजाजनगरात आमच्याकडे स्वयंपाकाला काकू येतात. डब्यातली पातळी त्यांना कळत असणारच, पण कधी बोलल्या नाहीत. एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले ती तडक ओट्याशी. पर्स खांद्यावरच, आणि सांबारवडी तोंडात कोंबत होते. काकू गॅलरीतून कपडे घेऊन आत आल्या. दोघी थबकलो. त्यांनी कपडे खुर्चीवर टाकले, ताटली काढली, दोन वड्या ठेवल्या, वाटीत कढी घातली आणि टेबलावर नेऊन ठेवली. "बसून खा नं ताई. चोरीचं थोडीच आहे? थकून येता तुम्ही."

मी रडले. वड्यांसाठी नाही, "थकून येता तुम्ही" साठी. इतक्या वर्षांत हे मी स्वतःला एकदाही म्हटलं नव्हतं.

यातून बाहेर पडायला पुढे दोन-अडीच वर्षं लागली, समुपदेशकाकडेही गेले. पण सुरुवात त्या ताटलीपासून झाली. तुमची कुठून झाली ते लिहा. अजून झाली नसेल तर तेही लिहा. दोनच विनंत्या: वजनाचे आकडे नकोत, ते दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसतात. नावंही नकोत, मोहल्ला आणि वय पुरे.

मानेवाडा, वय २९

इतवारीतल्या एका शिंप्याकडे बहिणीच्या लग्नाचा ब्लाऊज टाकायला गेले होते. तो माप घेऊन राहिला आणि आतल्या पोऱ्याला ओरडून आकडा सांगून राहिला. दुकानात सात-आठ बाया. पोऱ्याने नीट ऐकू न आल्यामुळे दोनदा विचारलं. मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा त्रास आहे, वजन पटकन वाढतं, पण हे शिंप्याला कुठं सांगत बसता? तिथून निघाले आणि रस्त्यात दोन समोसे तर्री घालून खाल्ले, घरी येऊन जेवलेही.

मग एक ऑनलाइन डाएट ग्रुप लावला. रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकायचा. वाढलं की ग्रुपवाल्या बाई सगळ्यांसमोर रडका चेहरा पाठवायच्या. रविवारी "चीट डे". मी सोमवारपासून रविवारचीच वाट पाहायचे आणि त्या दिवशी इतकं खायचे की पाठ टेकवत नसे.

मला उपयोग झाला तो अगदी साध्या गोष्टीचा. "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून ठेवलेले कपडे काढून टाकले आणि बर्डीच्या बाजारात जाऊन आजच्या अंगाला होतील असे तीन कुर्ते घेतले. दिवसभर काचत नाही, त्यामुळे दिवसभर पोटाची आठवण येत नाही. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला महालात मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेलो होतो. सगळे "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होते. मी हळूच म्हटलं, "जुने ब्लाऊज घेऊन जा गे मारबत." बहिणीला ऐकू गेलं. रस्त्यात उभ्या राहून हसलो दोघी.

लक्ष्मीनगर, समुपदेशक

आकडे नकोत म्हटलंय, पण हे कोणाच्या कमरेचे नाहीत म्हणून लिहिते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात अन्सेल कीज या संशोधकाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खायला कसं घालावं, हे शोधायचं होतं. दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी आणि आठवड्याला २२ मैल चालणं. तरुण ताटल्या चाटायला लागले. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. पुढे पोटभर मिळालं तेव्हा काही जण पोट तडकेस्तोवर खाऊनही तृप्त होईनात. कोणी खादाड म्हणून निवडलेले नव्हते ते. आणि माझ्यासमोर बसणाऱ्या बाईच्या पर्समध्ये १,२०० कॅलरीचा डाएट चार्ट असतो, वर ती म्हणते, मॅडम, माझ्यात इच्छाशक्तीच नाही.

दुसरं. थोड्या वेळात भरमसाट खाणं, हात आवरता न येणं, लाजेपोटी एकटीने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर तो आजार असू शकतो. मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा आहे. त्यावर उपचार आहेत. कुठं जावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकत असाल तर मात्र धागा वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

महाल, वय ५८, पुरुष

बायांमध्ये मी एकटाच दिसतो. लिहितो.

मला मधुमेह आहे. सकाळी अंबाझरीला फिरायला जायचो आणि येताना दोन प्लेट तर्री-पोहे. चाललो नं, मग वसूल करायचं. घरी बायको डब्बे लपवायची, मी शोधायचो. छत्तीस वर्षांच्या संसारात आमचा हाच एक खेळ उरला होता.

खरी गोष्ट वेगळी आहे. दोन वर्षं मी एचबीए१सी ही रक्ताची तपासणी केलीच नाही. त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दिसते. आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही, आणि मला डॉक्टरांची बोलणी ऐकायची नव्हती. आधीचे डॉक्टर रिपोर्ट पाहिला की कंपाउंडरसमोर म्हणायचे, "काय, लग्नं जेवून राहिले का?" तर लाजेपायी मी तपासणीच टाळली, पायाला मुंग्या यायला लागल्या तरी. खाण्यानं जेवढं नुकसान केलं तेवढंच या टाळण्यानं.

पोरीनं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिलं वाक्य हे, "आलात हे बरं केलं." बस. मी दर तीन महिन्यांनी जातो आता. पोहे एक प्लेट, रविवारी. कधी दोन होतात. झाल्या तर बायकोला येऊन सांगतो.

अभ्यासिकेतून, वय २२

मी बारीक आहे त्यामुळे कोणी खरं मानत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रूमवर रात्री बिस्किटांचे पुडे संपवते, रॅपर रजिस्टरमध्ये दाबून ठेवते आणि सकाळी बाहेरच्या कचऱ्यात टाकते. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "किती वाळली बाप्पा, खात जा." अजून काही सुधारलं नाही. फक्त हे आज पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं.

*(धागाकर्ती: बरं केलंस गं. वर समुपदेशक ताईंनी नंबर दिलाय. आज नाही जमलं तर उद्या कर, पण कर.)*

इंदोरा, वय ४५

आमच्या बुद्धविहारात रविवारी ध्यान असते, शेवटी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. आधी स्वतःसाठी, मी सुखी होवो. मग जवळच्यांसाठी, मग अनोळखी लोकांसाठी, मग ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्यासाठी, मग सगळ्या प्राण्यांसाठी. लहानपणापासून म्हणत आले. चाळिशीत लक्षात आलं की पहिली ओळ मी ओठांनी म्हणते आणि खरी सुरुवात दुसरीपासून करते. भांडखोर नणंदेला सुखी हो म्हणणं सोपं जायचं. स्वतःला म्हणताना घसा आवळायचा.

विहारातल्या भिक्खूंना, भन्तेजींना, विचारलं. ते म्हणाले, पहिली पायरी सोडून माडीवर कशा चढल्या तुम्ही?

मग महिनाभर फक्त पहिली ओळ. कंटाळा यायचा, खोटंही वाटायचं. रात्रीचं खाणं लगेच बंद झालं असं नाही, उगाच कशाला सांगू. आधी फरक पडला तो खाल्ल्यानंतरच्या वेळात. पूर्वी एकदा हात सुटला की तीन दिवस स्वतःशी बोलणं बंद, मग उपास, मग पुन्हा तेच. आता अर्धा तास वाईट वाटते, मी भांडे घासते, झोपते. सकाळी नाश्ता करते. सकाळी नाश्ता करायला लागल्यावर रात्रीचं हळूहळू आपसूक कमी झालं.

प्रतापनगर, वय ३७

सगळं वाचलं. कोणाला दुखवायचं नाही, पण हे खादाडपणाला गोड नाव देणं तर नाही नं? मी स्वतःला शिव्या देऊनच बारीक झालो.

*(समुपदेशक: शंका रास्त आहे, मलाही होती. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलींना आधी डोनट खाऊ घातला. त्यातल्या काहींना सहज सांगितलं की हे सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका. मग सगळ्यांपुढे चव घ्यायला म्हणून गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना ते मायेचं वाक्य ऐकवलं होतं, त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कोणी काही बोललं नाही त्यांनी जास्त. "आता मोडलाच नियम, तर खाऊनच घेऊ" हे आपल्या उपासाच्या दिवशीही होतंच की, साबुदाणा खिचडीनंतर. एका छोट्या प्रयोगावर मी सगळा डोलारा उभा करणार नाही. पण तुम्हाला शिव्या किती वर्षं पुरल्या, ते पाच वर्षांनी येऊन नक्की सांगा.)*

*(प्रतापनगर: दोन वर्षं झाली. अधूनमधून सुटते, खोटं कशाला बोलू.)*

त्रिमूर्तीनगर, वय ४३

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या आईने माझ्या ताटाकडे पाहिलं, मी पोरीच्या ताटाकडे पाहत आले. बोलत नव्हते मी काही. तिसऱ्या पोळीला फक्त बघायचे. आणि अन्न टाकू नये म्हणून "ताट स्वच्छ कर" हेही मीच म्हणायचे. आता या दोन्हींत पोरीनं काय करावं?

मागच्या दिवाळीत तिच्या दप्तरात चकल्यांचा चुरा सापडला, रुमालात बांधलेला. चौदा वर्षांची आहे. मी चिडणार होते, पण तो रुमाल पाहून मलाच माझी शाळा आठवली. मीही असंच न्यायचे, कंपासपेटीत.

रात्री तिच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "मी तुझ्या ताटाकडे बघते नं, ते बंद करते." ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "तुला जमणार नाही." मी म्हटलं, हो, कठीण जाईल. मग काही वेळ दोघी गप्प.

जमत नाही अजून पूर्ण. नजर जातेच. आता एक ठरलंय, माझी नजर गेली की ती टेबलाखालून पाय मारते. काल जेवताना दोनदा बसला. कढी-गोळे होते. तिनं तिसऱ्यांदा गोळा मागितला, मी वाढला, आणि भांड्यात राहिलेला शेवटचा माझ्या ताटात घेतला. तर तीच माझ्या ताटाकडे बघायला लागली. मी लाथ मारली.