ओल्या कचऱ्याचा कॅलिफोर्नियाचा कायदा: सक्ती आधी की सोय आधी?

हिशेबनीस (धागाकर्ता):
कॅलिफोर्नियाचा ‘एसबी १३८३’ हा कायदा सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला. कचराभूमीत पुरला जाणारा जैविक कचरा २०१४ च्या तुलनेत २०२० पर्यंत ५० टक्क्यांनी आणि २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी घटवायचा, असे उद्दिष्ट त्यात लिहिलेले आहे. पहिला टप्पा साफ हुकला. २०२० मध्ये पुरलेला जैविक कचरा कमी तर झाला नाहीच, उलट वाढलेला निघाला. याचे खापर नागरिकांच्या आळसावर फोडणे मला पटत नाही. उद्दिष्ट आधी ठरले, घरोघरचा ओला कचरा वेगळा उचलण्याचे नियम १ जानेवारी २०२२ ला लागू झाले, आणि तो सगळा कचरा रिचवू शकतील इतके कंपोस्टचे व बायोगॅसचे प्रकल्प मात्र उभेच राहिले नाहीत. जून २०२३ मध्ये लिटल हूवर कमिशन या राज्याच्याच स्वतंत्र देखरेख आयोगाने अंमलबजावणी तात्पुरती थांबवण्याची शिफारस केली, ती रास्त होती असे माझे मत आहे. ज्या लहान नगरपालिकांकडे ना जागा आहे ना पैसा, त्यांच्यावर दिवसाला १०,००० डॉलरपर्यंतच्या दंडाची तलवार टांगून काय साधणार?

बांधावरून:
असहमत. थांबण्याचीही किंमत असते आणि ती आपल्या हिशेबात कुठेच धरलेली दिसत नाही. कचराभूमीत कचरा दाबून त्यावर माती पसरली की आत हवा पोचत नाही आणि जिवाणू मिथेन तयार करू लागतात. वायू ओढून घेणाऱ्या नळ्या पुढे बसवल्या जातात हे खरे, पण अन्न काही लाकडासारखे सावकाश कुजत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे अन्नकचऱ्यातला निम्मा विघटनशील कार्बन साधारण ३.६ वर्षांतच वायुरूप होतो, आणि त्या थरापर्यंत नळ्या पोचतात त्या बहुतेक वेळा त्यानंतर. परिणामी पुरलेल्या अन्नापासून तयार होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ६१ टक्के हाती न लागता हवेत जातो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शिवाय फेकल्या जाणाऱ्या खाण्यायोग्य अन्नापैकी २० टक्के अन्न २०२५ पर्यंत गरजूंपर्यंत पोचवण्याचे कलमही याच कायद्यात आहे. सुपरमार्केटांना ते २०२२ पासून आणि मोठी हॉटेले, रुग्णालये यांना २०२४ पासून लागू झाले. त्यासाठी कुठल्या कंपोस्ट प्रकल्पाची वाट पाहायची?

उलटतपासणी:
मिथेनचे गणित मान्य, पण असा कायदा केल्याने कचरा खरोखर घटतो का, हा प्रश्न उरतोच. अन्नकचरा पुरण्यावर सर्वांत आधी बंदी आणणाऱ्या पाच राज्यांचा, म्हणजे कनेक्टिकट, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कॅलिफोर्निया यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात फक्त मॅसॅच्युसेट्समध्ये कचरा घटल्याचे आढळले, तेही सरासरी सुमारे ७ टक्के. उरलेल्या चार राज्यांत नोंद घ्यावी असा फरक सापडला नाही. मॅसॅच्युसेट्सने केले काय, तर ऑक्टोबर २०१४ मध्ये आठवड्याला एक टन किंवा त्याहून जास्त अन्नकचरा काढणाऱ्या आस्थापनांवरच बंदी घातली, नियम सुटसुटीत ठेवला, सवलतींच्या पळवाटा ठेवल्या नाहीत आणि तपासणीला खरोखर माणसे पाठवली. तिथे कचरा स्वीकारणारे प्रकल्पही जवळजवळ होते. घराघरातल्या डब्यात डोकावण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत.

बांधावरून:
अभ्यास महत्त्वाचा आहे, मात्र त्यातली आकडेवारी २०१९ पर्यंतची आहे आणि त्यात तपासलेला कॅलिफोर्नियाचा कायदा २०१४ चा, व्यावसायिक आस्थापनांपुरता, ‘एबी १८२६’ हा होता. एसबी १३८३ चे नियम तेव्हा लागूही झाले नव्हते. त्या निकालावर याला नापास ठरवणे म्हणजे एकाच्या उत्तरपत्रिकेवर दुसऱ्याला गुण देणे झाले.

हिशेबनीस:
ठीक, तो अभ्यास बाजूला ठेवू. हिरव्या डब्यातून प्रत्यक्ष काय निघते ते तरी पाहू: फळांवरचे इवलेसे प्लास्टिकचे स्टिकर, काचेचे तुकडे, ‘कंपोस्ट होणारी’ म्हणून विकलेली पण प्रकल्पाच्या मुदतीत न कुजणारी पिशवी. चाळणीतून सुटलेले हे तुकडे खताबरोबर शेतात जातात, आणि एकदा पाहिल्यावर शेतकरी ते खत पुन्हा कशाला घेईल? कायद्याचा यावरचा उपाय म्हणजे नगरपालिकांनीच दरवर्षी माणशी ०.०८ टन जैविक कचऱ्यापासून बनलेला माल विकत घ्यायचा. एक लाख वस्तीच्या शहराला ८,००० टनांच्या हिशेबाने कंपोस्ट, पालापाचोळ्याचे आच्छादन किंवा बायोगॅस घेणे भाग पडते. ज्या मालाला बाजारात गिऱ्हाईक नाही, तो करदात्याच्या गळ्यात मारण्याचा हा प्रकार आहे. आधी मोठ्या आस्थापना घ्या, तिथला कचरा स्वच्छ आणि मोजता येण्याजोगा असतो. घरांची पाळी प्रकल्प सुरू झाल्यानंतर येऊ द्या.

गाळमाती:
माझा आक्षेप नेमका या ‘नंतर’ला आहे. बायोगॅसचा प्रकल्प उभारायला जो कर्ज देतो, तो पहिला प्रश्न हाच विचारतो की पुढची पंधरा-वीस वर्षे रोज इतका कचरा नक्की येईल कशावरून. सक्ती नसेल तर त्याला उत्तर देता येत नाही, कारण पुरणे स्वस्त असेल तिथे कचरा पुरायलाच जातो. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमध्ये ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट या पाणी-सांडपाणी सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थेने सांडपाण्याच्या गाळासाठी बांधलेल्या टाक्यांत शिल्लक क्षमता होती म्हणून अन्नकचरा घेऊन वीज काढता आली. अशा तयार टाक्या असलेल्या शहरांना पुढे ढकलायचे कारणच नाही. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांना नियमांत सूट आहेच. ती लहान नगरपालिकांपर्यंत वाढवण्यावर वाद घालू, पण सबंध राज्यासाठी तारीख पुढे नेली तर प्रकल्पवाल्याला पैसे कोण देईल, याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे.