मदत हवी आहे: खत-बियाण्यांचं दुकान आणि दोन गोदामांसाठी सीसीटीव्ही, कोटेशन तपासून द्या

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,
सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पुढे दुकान (२० × ४० फूट, दोन काउंटर), त्याला लागून मागे गोदाम (४० × ८० फूट, पत्र्याचं छत) आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला दुसरं गोदाम. भिंतीकडेने केबल नेली तर दुकानापासून तिथवर १३० मीटर भरते. आवाराला एकच फाटक आहे, दुकानाच्या भिंतीपासून साधारण १५ मीटरवर. ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो, ट्रक सगळं तिथूनच ये-जा करतं.

काय हवंय: गल्ल्यावर कोणती नोट दिली-घेतली ते दिसावं. गाडी भरताना पोती मोजता यावीत. फाटकावर रात्रीही गाडीचा नंबर वाचता यावा. आणि रेकॉर्डिंग महिनाभर राहावं, कारण स्टॉकची तफावत महिनाअखेरीच कळते.

आलेलं कोटेशन: ४ मेगापिक्सेलचे ८ आयपी कॅमेरे (सगळे २.८ मिमी लेन्स), ८ चॅनेलचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), ८ पोर्टचा पीओई स्विच (एकाच नेटवर्क केबलवरून कॅमेऱ्याला वीजही देणारा), २ टीबी हार्ड डिस्क, कॅट-६ केबलचा एक बॉक्स, फिटिंग. यूपीएस त्यात नाही. लाइट रोज तीन-चार तास जाते. जाणकारांनी सांगावं, काय बदलू?

पिक्सेलपंत

सगळे २.८ मिमी, तिथेच पहिली खूण करा. ही लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य पकडते. खोली अख्खी दिसते, म्हणून मोबाइलवर गिऱ्हाईक खूश होतं. पण ४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे २५६० पिक्सेल, आणि दृश्य जितकं रुंद तितके ते पसरतात. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीचा (आयईसी ६२६७६-४) आधार घ्या: अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला दर मीटरला २५० पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढं कळायला २५. २.८ मिमीला २५० पिक्सेल मिळतात ते फक्त सव्वाचार मीटरपर्यंत. १५ मीटरवरच्या फाटकाशी दृश्य ३५ मीटर रुंद होतं, म्हणजे मीटरला सत्तर-बहात्तर पिक्सेल. गाडी आली-गेली कळेल, नंबर नाही.

नंबरासाठी वेगळा कॅमेरा हवा, १२ मिमी लेन्सचा. १५ मीटरवर दृश्य साडेसहा मीटर रुंद, मीटरला पावणेचारशेच्या वर पिक्सेल. चारचाकीची ५०० मिमीची पाटी मग जवळजवळ १९० पिक्सेल रुंद येते, वाचायला भरपूर. एवढ्याने भागत नाही मात्र. सुरक्षा नंबरप्लेट परावर्तक असते. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) तिच्यावर पडला की पाटी पांढरी फटक होते. कॅमेऱ्याचं शटर (एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ) ऑटोवर ठेवू नका, १/५०० किंवा १/१००० सेकंदाला बांधून टाका. बाकी दृश्य काळं पडेल, पडू द्या, त्या कॅमेऱ्याचं काम पाटी वाचणं एवढंच. पाटीशी कोन ३० अंशांच्या आत ठेवा, म्हणजे कॅमेरा फार उंच नको. फाटकाचं एकूण दृश्य दाखवायला शेजारी दुसरा साधा कॅमेरा लागेलच. ट्रॉलीची मागची पाटी चिखलाने भरलेली असते, म्हणून ट्रॅक्टरचं तोंड दिसेल असा लावा.

गल्ल्याचंही तेच गणित. ५०० ची नोट १५० मिमी लांब. २ मीटरवरून २.८ मिमीने ती ८० पिक्सेलची दिसते, ६ मिमीने दोनशेच्या आसपास. नोट तुम्ही आकड्यापेक्षा रंगावरून ओळखणार (५०० ची राखाडी, २०० ची पिवळी, १०० ची जांभळट), तेव्हा काउंटरवर पांढरा, भरपूर उजेड द्या. उजेड कमी असला की कॅमेरा शटर लांबवतो आणि नोटा मोजणारे हात पुसट होतात.

पोती मोजायचा कॅमेरा गाडीच्या मागून लावू नका, हमालाच्या पाठीआड पोतं लपतं. बाजूने, १० फुटांवरून खाली झुकवून असा लावा की प्रत्येक पोतं चौकटीत आडवं सरकत जाईल.

जोडणीकार

वरच्याला +१. आता डिस्क. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी लिहितो. आठ कॅमेरे म्हणजे ३४५ जीबीच्या वर. तुमची २ टीबी सहाव्या दिवशी जुनं पुसायला लागेल. महिन्याला १०.४ टीबी हवी. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून ठेवणारी पद्धत) वर सेकंदाला १५ फ्रेम आणि २ एमबीपीएस ठेवलंत तर निम्म्यात भागतं. फाटक, भरणी आणि गल्ला मात्र ४ वर ठेवा.

‘मोशनवर (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) लावू, जागा वाचेल’ असं इन्स्टॉलर म्हणेलच. गोदामात धूळ आणि रात्री इन्फ्रारेडपुढे नाचणारे किडे यांनी मोशन अखंड चालू राहतं. माणूस-वाहन ओळखणारं सेटिंग असेल तर त्याचा उपयोग सूचना यायला करा. रेकॉर्डिंग चोवीस तास. डिस्क सर्व्हेलन्सची घ्या (डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक वगैरे), कॉम्प्युटरची साधी नको. एनव्हीआरमध्ये किती डिस्क बसतात आणि एका खणात किती टीबी चालते, ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा.

खटका

१३० मीटरवर कॅट-६? तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, जोडतारा धरून.

बांधावरचा

कोटेशन देणारा इन्स्टॉलर म्हणतो स्विचवर ‘एक्सटेंड’चं बटण असतं, २५० मीटर चालतं. नाहीतर त्या गोदामापुरता जुन्या पद्धतीचा डीव्हीआर आणि ३+१ केबल (चित्राची तार आणि विजेच्या बारीक तारा एकत्र असलेली) टाकू म्हणतो, स्वस्त पडेल.

खटका

एक्सटेंड दाबलं की ते पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतं. एकच कॅमेरा असेल तर चालून जाईल. पण त्या गोदामात दोन-तीन कॅमेरे एकाच केबलवर येणार असतील तर चित्र अडखळेल.

३+१ मध्ये चित्र पोचेल, वीज पोचणार नाही. अर्ध्या चौरस मिमीच्या तारेला १३० मीटर जाऊन-येऊन सव्वानऊ ओहमच्या आसपास रोध येतो. रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा अर्धा अँपिअर ओढतो, म्हणजे साडेचार व्होल्टच्या वर वाटेतच जातात आणि १२ चे ७-८ उरतात. दिवसा झकास चालणारा आणि अंधार पडला की बंद पडणारा कॅमेरा दिसला तर नव्वद टक्के हेच कारण. पीओई ४८ व्होल्टवर चालतं, प्रवाह कमी, म्हणून तिथे घट कमी.

तुमच्याकडे मात्र फायबर (प्रकाशाने डेटा नेणारी काचेची केबल) टाका. दोन कोरची सिंगल मोड, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारी डबी), आणि दुसऱ्या गोदामात ४ पोर्टचा छोटा पीओई स्विच. उघड्या आवारातून तांब्याची लांब तार म्हणजे वळवाच्या विजेला आमंत्रण. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, जवळपास वीज पडली की लाट त्या तारेतून एनव्हीआरपर्यंत येते. काचेतून येत नाही. फक्त बाहेरून लोखंडी चिलखत असलेली फायबर घेतली तर ते चिलखत आत उपकरणांना जोडू नका.

आणि केबलचा बॉक्स आला की कापून बघा. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून रुपेरी निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत पाठवा. पीओईला ती चालत नाही. तापते, वाकवली की तुटते आणि व्होल्टेज पाडते.

मधुरा_क

बाकीचे गणित करताहेत तोवर खतांबद्दल. युरिया, डीएपी हवेतलं पाणी ओढतात आणि ती ओलसर धूळ धातू खाते. एका पावसाळ्यात आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग) पिना हिरव्या होतात, मग कॅमेरा अधूनमधून गायब. इन्स्टॉलर म्हणतो कॅमेरा बदला. कॅमेरा ठीक असतो. प्रत्येक कॅमेऱ्यामागे बंद जंक्शन बॉक्स, जोड त्याच्या आत, कॅमेऱ्याबरोबर आलेली रबरी टोपी लावूनच. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

कॅमेरा पत्र्याला टेकवू नका. उन्हाळ्यात पत्रा भट्टीसारखा तापतो. छतापासून दोन-तीन फूट खाली भिंतीवर घ्या. शेजारी पांढरी भिंत किंवा पन्हाळ चौकटीत आली तर इन्फ्रारेड तिच्यावरून उलटतो आणि बाकी सगळं काळं दिसतं. गोदामात घुमटाकार डोम नको, बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (पुढे घुमट नसलेला गोळा) घ्या. घुमटावर धूळ बसली की रात्री धुकं. कोळ्याची जाळी महिन्यातून एकदा झाडूने काढायचीच, त्याला पर्याय नाही.

जोडणीकार

विजेचं राहिलं. रात्री एक कॅमेरा ८ वॅट धरा. आठ कॅमेरे ६४, एनव्हीआर २०, स्विच आणि राउटर २०. शंभरच्या पुढे. ६०० व्हीएचा यूपीएस (१२ व्होल्ट ७ एएच बॅटरी) अर्धा तास ओढला तरी खूप. तीन-चार तासांसाठी १५० एएच बॅटरीचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर, तो दहा तासांच्या आसपास जातो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाता-येता एनव्हीआर दर वेळी रीबूट होईल आणि डिस्क लवकर जाईल. दुसऱ्या गोदामातल्या स्विच-कन्व्हर्टरला छोटा वेगळा यूपीएस लागेल. फायबर वीज नेत नाही.

पिक्सेलपंत

सेटिंगमध्ये हे स्वतः उभं राहून करून घ्या. व्हिडिओ ५० हर्ट्झ (पाल). ६० वर राहिलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून, ५:३० चा फरक तपासून. रेकॉर्डिंगची वेळ वीस मिनिटं पुढे-मागे असेल तर बिलाशी काही जुळवता येत नाही. डिस्क एनव्हीआरमधूनच फॉरमॅट झाली का बघा. न झालेली डिस्क लावून थेट चित्र दिसतं आणि रेकॉर्डिंग शून्य असतं, हा प्रकार नेहमीचा. पासवर्ड तुमचा, इन्स्टॉलरचा नाही. ॲडमिनचं खातं तुमच्याकडे, कामगारांना फक्त बघायचं खातं. राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडू देऊ नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते. कंपनीच्या ॲपचा क्यूआर कोड वापरा, मोबाइलला सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) ठेवा.

एनव्हीआर काउंटरखाली नको, चोर तोच आधी उचलतात. हवा खेळेल अशा कुलूपबंद जाळीच्या पेटीत, नजरेआड.

खटका

बिलावर मॉडेल नंबर घ्या आणि एसटीक्यूसीच्या (इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासणारी केंद्र सरकारची संस्था) यादीत तपासा. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचा नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. जुना माल स्वस्तात खपवायला बघतात.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. नवी यादी: गल्ल्यावर २ (६ मिमी), दुकानाच्या दारात १ (२.८), पहिल्या गोदामात २ (२.८), भरणीला १ (४ मिमी), फाटकावर २ (१२ आणि ४ मिमी), दुसऱ्या गोदामात २ (२.८). एकूण १०. म्हणजे १६ चॅनेल. दुकानाशी आता ८ कॅमेरे, म्हणून तोच ८ पोर्टचा स्विच राहू दे? आणि चोरी झालीच तर पोलिसांना काय द्यायचं?

जोडणीकार

स्विच तोच चालेल, पण पोर्ट मोजून भागत नाही, एकूण वॅट बघा. काही ८ पोर्ट स्विच सगळे मिळून ६५ वॅटच देतात आणि तुमचा रात्रीचा भार ६४ आहे. ९६ किंवा १२० वॅटचा घ्या, शिवाय एनव्हीआर आणि फायबरसाठी दोन अपलिंक पोर्ट (कॅमेऱ्यांव्यतिरिक्तच्या जोडणीचे) आहेत का ते बघा. डिस्कचं: गल्ल्याचे दोन, भरणी आणि फाटकाचे दोन असे ५ कॅमेरे ४ एमबीपीएसवर, उरलेले ५ दोनवर, दिवसाला ३२४ जीबी, महिन्याला ९.७ टीबी. दोन खणांचा एनव्हीआर आणि ६ टीबीच्या दोन डिस्क, ३७ दिवस जातील.

खटका

पोलिसांना पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात, कंपनीच्या प्लेयरसह द्या. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून नको. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधून काढलेला तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. त्याचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. हॅश कॉपी केल्या केल्या काढा, आणि नंतर ती फाइल उघडून कापाकापी करू नका. डिस्कवर जुनं पुसलं जातं, म्हणून तफावत दिसली त्याच दिवशी तेवढा भाग लॉक करा किंवा बाहेर काढा.