‘देफिनिसिओ’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईचा डाग: स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या वारसा कायद्याबद्दलचा लेख मराठीत करतेय, एका शब्दाशी अडलेय. तिथं आईवडील हयात असतानाच मूल त्यांच्याकडून काहीतरी घेतं, घर म्हणा, पैसे म्हणा, आणि त्या बदल्यात नोटरीपुढे वारशातला आपला राखीव हिस्सा सोडतं. ही ‘देफिनिसिओ’. शेजारच्या इबिझा-फोर्मेन्तेरा बेटांवर याच धर्तीचं ‘फिनिकितो’. स्पेनच्या नागरी संहितेत (कलम १२७१) भावी वारशावर करार करायला एरवी मनाई आहे. या सगळ्या बालेआरिक बेटांची रीत मात्र जुनी आणि वेगळी. २०२२ मध्ये त्यांनी वारसा-करारांचा स्वतंत्र कायदाच केला. मी ‘हक्कसोडपत्र’ लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल शाईत फुली मारली. का?

कोर्टकचेरी: फुली योग्य आहे ताई. सोडायला आधी हक्क तर हवा! बाप जिवंत असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाचं काय असतं? नुसती आशा. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम ६(क), ही आशा हस्तांतरित होत नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीचं वेगळं, तिथं जन्मापासून हक्क.

मावळतीकर: कायदा काही म्हणो वकीलसाहेब, आमचे आजोबा धडधाकट असताना दोन्ही आत्यांकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं होतं, ‘माहेरचं सर्व पावलं, यापुढे मागणं नाही’. खाली जांभळे अंगठे. गावात त्याला फारकत म्हणत.

शुद्धलेखी: फारकत म्हणजे काडीमोड. आत्यांचा काय संबंध?

मावळतीकर: मूळ शब्द फारखती. देणंघेणं मिटल्याची लेखी पावती. नवराबायको त्यात नंतर आले. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडा की!

गोंयकार: आमच्याकडे मृत्युपत्र केलं तरी निम्मी मिळकत मुलांसाठी राखीवच, पोर्तुगीज संहितेपासून. २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानंही ते ठेवलं. मायोर्कात चार मुलांपर्यंत एक तृतीयांश, जास्त असली तर निम्मी. या राखीव हिश्श्याला आम्ही ‘लेजितिम’च म्हणतो, कुणाचं अडत नाही. देफिनिसिओ तसंच ठेवा.

शुद्धलेखी: म्हणजे मराठी संपलीच का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला? ‘भाव्यंशत्यागलेख’ म्हणा.

कोर्टकचेरी: हे वाचून माझं अशील पळून जाईल. आणि हक्क, वारसा, करार हे सगळे अरबी आहेत. पहिल्या ओळीपासून खोडत बसणार?

शुद्धलेखी: रुळलेले राहू द्या. नवे तरी आणू नका.

कोर्टकचेरी: फारखती नवी आहे का मग? पेशवाईतल्या कागदांत सापडते.

शाईचा डाग: मला फारखती पटतेय. स्पॅनिशमध्ये ‘फिनिकितो’ म्हणजे हिशेब मिटल्याचाच कागद, नोकरी सोडतानाही करतात. पण वाचकाला घटस्फोट वाटला तर? संपादकबाईंना परवा द्यायचंय हो.

गोंयकार: कंसात समजावून सांगा.

मावळतीकर: बाकी काडीमोडातली काडी कसली, ठाऊक आहे का कुणाला? पंचांपुढे गवताची काडी मोडायचे.

शुद्धलेखी: गवताची नव्हे, कडब्याची.

मावळतीकर: आमच्या तालुक्यात गवताचीच.