रात्री साडेबाराला केगावात गारवा, साखर पेठेत भट्टी. असं का?

सेकंड_शिफ्टवाला:
मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला. रात्री बाराला सुटलो की गाडीवर केगाव, बाळे, जुना पुणे नाका करत साखर पेठेत घरी. एप्रिल असूनही केगावात विद्यापीठासमोर बाह्यांतून गार वारं शिरतं. नाका ओलांडला की वारं पडतं, गल्लीत वळलो की चुलीपुढं बसल्यागत होतं. काल गाडी लावताना भिंतीला हात टेकला, तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी कोमट! सूर्य मावळून पावणेसहा तास झालेले. आई स्लॅबखाली झोपते, म्हणजे नुसती कूस बदलते. भानगड काय आहे?

पेठेतला_मास्तर:
भिंतीनंच उत्तर दिलंय तुम्हाला. सिमेंट, डांबर, दगड दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. केगावची उघडी माती मोकळ्या आभाळाकडं भराभर उष्णता सोडते. तुमच्या गल्लीतून आभाळाची पट्टीच दिसते, मग ही भिंत त्या भिंतीला तापवत बसते. झाडं नाहीत, म्हणजे पानांतून पाणी उडून होणारा गारवा नाही. घरं वारा अडवतात. त्यात यंत्रमाग आणि कूलरच्या मोटारी. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्डनं शहर आणि गावातला हा फरक २०० वर्षांपूर्वीच नोंदवला होता. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की फरक सगळ्यात जास्त.

होटगी_रोड:
काय बे मास्तर, मग सिद्धेश्वर तलाव काय कामाचा?

पेठेतला_मास्तर:
दुपारी काठावर बरं वाटतं. रात्री मात्र पाणी जमिनीपेक्षा सावकाश निवतं, त्याच्यावर भरवसा नको.

सेकंड_शिफ्टवाला:
आणि डिसेंबरात सकाळी धूर गल्लीतच का लोंबकळतो? कुणीतरी कचरा पेटवतो, वास नऊपर्यंत जात नाही.

पेठेतला_मास्तर:
थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही. वर त्यामानानं उबदार थर, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. खालची जड हवा वर जात नाही, धूर-धूळ तिथंच. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडतं. पीएम १० म्हणजे हवेत तरंगणारी बारीक धूळ, तिची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. हवा खराब म्हणून केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहेच. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, म्हणून जुलैत कुणी बोंबलत नाही.

होटगी_रोड:
आईसाठी संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारा.

सेकंड_शिफ्टवाला:
नळाला चार दिवसाआड पाणी, ते स्लॅबला पाजू?

पेठेतला_मास्तर:
मग चुना. पांढरा स्लॅब बरंचसं ऊन परतवतो, म्हणजे मुळात तापतोच कमी. दोन हात मारा, दुसरा पहिला वाळल्यावर.

सेकंड_शिफ्टवाला:
रविवारी सुट्टी आहे, मारतो. चुन्यात डिंक घालायचा का?

पेठेतला_मास्तर:
घाला, नाहीतर पहिल्याच पावसात गल्ली पांढरी.