मदत हवी आहे : १९६८ ची प्लिमथ रोडरनर २००४ पासून उभी, चावी फिरवण्याआधी काय काय करावं?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी,

अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांवर हात बसलेलं कोणी इथे असेल तर कृपया सवडीने वाचा.

गाडी माझ्या बाबांची. प्लिमथ रोडरनर, ३८३ क्यूबिक इंचांचं इंजिन, चार बॅरलचा कार्टर कार्ब्युरेटर, टॉर्कफ्लाइट ७२७ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बाबा सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल करून डेट्रॉइटला आले आणि १९७६ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली. तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं होतं, ताकदवान गाड्यांचे विम्याचे हप्ते भयंकर वाढले होते, त्यामुळे लोक असल्या गाड्या येईल त्या किमतीला काढून टाकत होते. म्हणूनच नवख्या इंजिनिअरच्या पगारात ती बसली. चासी नंबर आरएम२१एच८ए असा सुरू होतो. एच म्हणजे हे ३८३ इंजिन, ८ म्हणजे १९६८ आणि ए म्हणजे डेट्रॉइटचा लिंच रोड कारखाना. तो कारखाना १९८१ मध्ये बंद पडला, २००१ मध्ये प्लिमथ हे नावही संपलं. गाडी मात्र अजून आमच्याकडेच आहे, मूळच्या इंजिनासकट.

आईच्या आजारपणात २००४ साली तिच्यावर कव्हर घातलं, ते निघालंच नाही. बाबा आता पंचाहत्तरीला आलेत. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीखाली जाता येत नाही, पण डोकं तल्लख आहे; ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी पाना चालवते. गाडी विकायची नाही आणि ट्रकवर घालून कुणाच्या ताब्यातही द्यायची नाही, यावर ते ठाम आहेत. मलाही ते पटतं. नव्यासारखी चकाचक करण्याची आमची इच्छा नाही. रंग उडालाय तिथे उडालेला राहू दे, ड्रायव्हर सीटची शिवण उसवली आहे तीही राहू दे. ती स्वतःच्या पायांवर चालावी आणि वेळेला थांबावी, एवढंच हवं आहे.

इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, नवी बॅटरी टाका, कार्ब्युरेटरमध्ये दोन घोट पेट्रोल ओता आणि सेल्फ मारा. बाबांनी साफ नकार दिला. म्हणून आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, काही दिवस मुरू दिलं आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टवर सव्वा इंची सॉकेट लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. पूर्ण फिरतंय, कुठे अडत नाही. तेव्हा बाबांचा चेहरा बघायला हवा होता.

आता खरी अडचण. व्हॉल्व्ह कव्हर उघडून फिरवताना उजव्या बाजूचा, पुढून पाचवा रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा हात) वेगळा वागताना दिसला. बाकीचे रॉकर आपापल्या वेळी खाली जातात आणि वर येतात. हा एकदा खाली गेला आणि मग बोटाने हलवला तर खुळखुळ वाजतो. त्याखालची स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगपेक्षा नखभर जास्त दबलेली दिसते. बाबा म्हणतात व्हॉल्व्ह अडकलाय. हेड न उतरवता सुटेल का? हेड काढलं तर गास्केट, बोल्ट, मग 'आलोच आहोत तर हेही करू' असं करत वर्ष जाईल, याची मला धास्ती आहे.

बाकी परिस्थिती अशी. टाकीचं झाकण उघडलं की पेट्रोलऐवजी जुन्या वॉर्निशचा उग्र वास येतो. ब्रेकचं पेडल थेट जमिनीला टेकतं, मास्टर सिलिंडरमध्ये तळाला काळा गाळ आहे. चारही चाकं ड्रमची. टायरवर तारखेचे आकडे तीनच आहेत, म्हणजे ते २००० च्या आधीचे, ते बदलणारच. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी सीटचा कापूस आणून घर केलं होतं. डॅशबोर्डच्या मागे वायरी कुरतडलेल्या नाहीत, पण इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीत इंजिनच्या बाजूने जो मोठा कनेक्टर घुसतो, त्याच्या दोन पिना हिरवट झाल्या आहेत.

काम कोणत्या क्रमाने करावं, यावर जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे. आणि दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी फेरी निघते, तिथे बाबांना घेऊन जायचं मनात आहे. यंदा धरता येईल का?

व्हर्नियर

मिशिगनकर ताई, सर्वात आधी तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. सेल्फ मारू दिला नाही, तिथेच इंजिन वाचलं. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असताना स्टार्टरच्या जोराने फिरवलं असतं, तर पिस्टन त्याच्यावर आदळून तो वाकला असता. मी ओहायोत असतो, माझ्याकडे ४४० इंजिनाची डॉज आहे, त्याच घराण्यातली, म्हणून खात्रीने लिहितोय.

उजव्या बाजूला पुढून मागे २, ४, ६, ८ असे सिलिंडर येतात. या इंजिनात व्हॉल्व्हची मांडणी एग्झॉस्ट, इन्टेक, इन्टेक, एग्झॉस्ट आणि पुन्हा तशीच. म्हणजे तुमचा पाचवा हा ६ नंबरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत जे व्हॉल्व्ह उघडे राहतात, त्यांच्या दांड्यावर गाइडमध्ये (दांडा ज्यात सरकतो त्या नळीत) गंज आणि कार्बन धरतो. एग्झॉस्टकडून दमट हवा थेट आत येते, त्यामुळे तोच आधी पकडतो. हेड काढायची घाई करू नका, बहुतेक वेळा वरूनच सुटतो.

या इंजिनात सगळे रॉकर एकाच शाफ्टवर असतात. शाफ्टचा एकेक बोल्ट एकदम पूर्ण न सोडता सगळे थोडे थोडे ढिले करत शाफ्ट उचला. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या सळया) काढून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. जो जिथला तो तिथेच परत गेला पाहिजे. ६ नंबरचा पुशरॉड काचेवर लोळवून बघा, वाकला असेल तर लगेच कळेल. मग व्हॉल्व्हच्या दांड्यावर, स्प्रिंगच्या आतून, गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ६ नंबरचा पिस्टन तळाला आणा. हे विसरू नका, कारण आता व्हॉल्व्ह आणखी खाली ढकलायचा आहे. दांड्याच्या डोक्यावर पितळी ठोकणी धरून हलके टोले द्या, अगदी खिळा सरळ करताना देतो तेवढेच. व्हॉल्व्ह किंचित खाली जाईल, स्प्रिंग त्याला थोडा वर ओढेल. पुन्हा तेल, पुन्हा टोला. वर येताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला की तो सीटवर, म्हणजे बंद होताना टेकतो त्या कडेवर, बसला.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. आठही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास असणं महत्त्वाचं. ६ नंबर पहिल्यांदा कमी दाखवेल, कारण सीटवर गंजाची पापडी असते. इंजिन चालायला लागल्यावर बऱ्याचदा आपोआप सुधारतं.

कोकणकडा

ताई, मी रत्नागिरीचा, आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आणि काँटेसा येतात, तुमच्या गाडीला कधी हात लागलेला नाही. पण ब्रेक सगळ्यांचे सारखेच कुजतात, म्हणून लिहितो.

इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक करा. लोक उलट करतात: इंजिन लागलं की आनंदाच्या भरात गाडी बाहेर काढतात आणि मग थांबवता येत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि तिथे खड्डे पाडतं. नुसतं नव्या रबरांचं किट टाकून भागत नाही, खड्ड्यावर नवं रबर आठवड्यात फाटतं. चारही व्हील सिलिंडर नवे घ्या, मास्टर सिलिंडर नवा, रबराचे तिन्ही होज नवे. रबर बाहेरून चांगलं दिसतं आणि आतून फुगून बंद झालेलं असतं. पाय उचलला तरी ब्रेक धरून ठेवतो. पोलादी नळ्या हाताने चाचपून बघा, जिथे क्लिपखाली ओल धरते तिथेच त्या सडतात.

उंदरांची घाण कोरडी झाडू नका. हातमोजे, मास्क घाला आणि ब्लीचच्या पाण्याने आधी पूर्ण भिजवा, मग पुसून काढा. ती धूळ श्वासातून गेली तर जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. एग्झॉस्टच्या नळीतही बघा, तिथेही घर असतं.

व्हर्नियर

कोकणकडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात एक भर. ताई, ड्रायव्हरच्या बाजूची चाकं काढताना सांभाळा. त्या काळात क्रायसलर डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट लावत असे. स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसेल. लांब दांडा लावून नेहमीच्या दिशेला जोर केलात तर स्टडच तुटेल. तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नट सुटतो.

तो हिरवट कनेक्टर अजिबात दुर्लक्षू नका. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट त्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरपर्यंत जातो आणि परत येतो. पिना गंजल्या की तापतात, प्लास्टिक वितळतं, आणि आग लागल्याच्या घटना याच जागेवरून झाल्या आहेत. पिना साफ करून घट्ट होत असतील तर उत्तम, नाहीतर तेवढ्या दोन जाड वायरी कनेक्टर टाळून रबरी बुशमधून थेट आत न्या. आणि बॅटरीला पहिल्या दिवसापासून हाताने तोडायचा स्विच बसवा.

टाकी उतरवाच. आतलं पेट्रोल मेलेलं आहे, त्याचा चिकट थर नव्या पेट्रोलात विरघळून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जाऊन बसेल आणि तुम्ही सोडवलेला व्हॉल्व्ह पुन्हा धरेल. पहिल्यांदा सुरू करताना टाकीचा संबंधच ठेवू नका. छोट्या कॅनमधून पंपाला नवी नळी द्या. नळ्या आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणाऱ्या घ्या, जुनं रबर त्यात विरघळतं.

मिशिगनकर

सर्वांचे मनापासून आभार. व्हॉल्व्ह सुटला! रात्रभर तेल मुरवलं, मग बाबांनी स्वतः स्टुलावरून वाकून टोले दिले, मी स्प्रिंगवर टॉर्च धरली होती. आधी काहीच हललं नाही. नंतर दांड्याभोवती तेलाचा तपकिरी फेस वर आला, आणि पुढच्या टोल्यांनंतर तो 'टक्' आवाज आला. पुशरॉड सरळ निघाला. कॉम्प्रेशन ६ नंबरला थोडं कमी आहे, बाकीचे सगळे जवळजवळ सारखे.

ब्रेकचं सामान मागवलंय. डाव्या चाकाच्या स्टडवर एल सापडला, तो बाबांना आठवत होताच, पण मला कुणी सांगितलं नसतं तर नक्की तोडला असता.

दोन प्रश्न उरलेत. इतकी वर्षं ऑइल सगळं खाली उतरलेलं असणार; सेल्फ मारायच्या आधी बेअरिंगपर्यंत ते कसं पोहोचवायचं? आणि ठिणगी पाडणारे मूळचे, जुन्या पद्धतीचे पॉइंट व कंडेन्सर ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालू? बाबांना पॉइंट हवेत.

व्हर्नियर

अभिनंदन, फार छान बातमी!

ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट (कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर, घासणारे भाग) आहेत, म्हणून जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल घ्या. मग पुढच्या बाजूचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना वीज वाटणारा भाग) काढा. त्याखाली ऑइल पंप फिरवणारा छोटा शाफ्ट दातरीसकट असतो, तो वर ओढून काढा. काढण्याआधी रोटरची दिशा आणि शाफ्टच्या खाचेची दिशा, दोन्हींचे फोटो घ्या, म्हणजे टायमिंग हरवणार नाही. आता पाच-सोळांश इंची षटकोनी दांडा ड्रिलला लावून पंप फिरवा, पण ड्रिल उलट्या दिशेने, घड्याळाच्या विरुद्ध. ऑइलचा दाब चढला की ड्रिल जड होतो, हाताला लगेच कळतं. तसाच फिरवत ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी क्रँक थोडा थोडा फिरवायला सांगा, कारण रॉकरकडे जाणाऱ्या वाटा कॅमच्या ठराविक जागी उघडतात. दोन्ही बाजूंच्या रॉकरमधून ऑइल झिरपताना दिसेपर्यंत थांबू नका.

पॉइंट ठेवा. बाबांना ते डोळे मिटून लावता येतात आणि रस्त्यात बिघडले तरी दुरुस्त होतात. गॅप पंधरा-सोळा थाऊ (इंचाचे हजारांश) ठेवा, घासण्याच्या जागी कणभर ग्रीस. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, आणि या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट फिरतो. छोट्या ३१८ किंवा ३४० ची माहिती वाचून वायरी लावल्या तर सगळं चुकेल.

गिअरबॉक्सचं तेल तपासायचं ते इंजिन चालू असताना, न्यूट्रलमध्ये. पार्कमध्ये टॉर्कफ्लाइटचा कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) भरत नाही, त्यामुळे काडीवर चुकीची पातळी दिसते.

वुडवर्डबद्दल स्पष्ट सांगतो, यंदा नको. ऑगस्टच्या उन्हात तासन्‌तास गोगलगायीच्या चालीने जाणं, ही तिथल्या तरण्याताठ्या रेडिएटरचीही परीक्षा असते. यंदा आधी ड्राइव्हवेवर पुढे-मागे, मग गल्लीला फेरी, मग पेट्रोल पंपापर्यंत, आणि प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमना हात लावून कुठला जास्त तापतोय ते बघा. पेट्रोल प्रीमियमच भरा, १० ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला साधं चालत नाही, चढावर खडखडतं.

मिशिगनकर

समजलं. बाबांनी वाचून दाखवायला लावलं आणि वुडवर्डचं पुढच्या वर्षावर ढकलायला तेही तयार झाले. टाकी या शनिवारी उतरवतोय. आतून फार गंजली असेल तर साफ करून आत लेप देऊन घ्यावी की सरळ नवी बसवावी? बाबांचा कल जुनी वाचवण्याकडे आहे.

व्हर्नियर

नवी बसवा. आतला लेप काही वर्षांनी पापुद्रे धरून सुटला की ते थेट कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईत अडकतात, आणि मग कार्ब्युरेटर ओसंडून गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. जुनी टाकी धुऊन, कोरडी करून माळ्यावर ठेवा, म्हणजे बाबांचंही मन राहील. पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट जुन्या टाकीतून काढून मीटरला जोडून तपासा. चालत असेल तर तोच नव्या टाकीत घाला, नव्यांतले बरेच चुकीचं रीडिंग देतात.