विशेष कौशल्यासाठी बाँड घेता, मग ते कामही करारात लिहा

निशिगंध, घणसोली

काल कपाट आवरताना जुनं नेमणूकपत्र सापडलं. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कंपनीचं, अकरा पानी. नाव घेत नाही, माझं भांडण त्या एका कंपनीशी नाही.

पान दोनवर पद लिहिलंय : व्हॅलिडेशन एक्झिक्युटिव्ह, स्टराइल विभाग. पुढचं वाक्य : 'कामाचे स्वरूप परिशिष्ट अ मध्ये दिल्याप्रमाणे राहील.' शेवटचं पान काढलं तर वर जाड अक्षरात 'परिशिष्ट अ', खाली अख्खा कोरा कागद आणि तळाला माझी सही. एचआरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "डिपार्टमेंटकडून आलं की भरू." मला नोकरी हवी होती, मी सही केली.

पान सातवर मात्र एकही जागा कोरी नव्हती. दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर दीड लाख. कारणही छापलेलं : 'सदर पद विशेष कौशल्याचे असल्याने व कंपनीने प्रशिक्षणावर खर्च केला असल्याने.'

ते विशेष कौशल्य काय होतं ते सांगते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, माल निर्जंतुक झाला की नाही हे बाहेरच्या काट्यावर ठरत नाही. भरलेल्या चेंबरमध्ये जागोजागी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या वायरी) लावायचे, सगळ्यात थंड जागा शोधायची (बहुतेकदा ती ड्रेनच्या आसपास निघते), आणि तिथेसुद्धा १२१ अंश ठरलेली मिनिटं टिकले का ते पाहायचं. याला मॅपिंग म्हणतात. एखादी वायर नीट बसली नाही तर वाफ गळते आणि सगळी सायकल पुन्हा. हे मी आधीच्या ठिकाणी चार वर्षं केलं होतं, म्हणूनच मला घेतलं. चौथ्या महिन्यात मला पॅकिंगला पाठवलं, बॅच रेकॉर्डवर सह्या झाल्यात का ते तपासायला. तात्पुरतं म्हणाले. पुढचे दहा महिने मी ऑटोक्लेव्हचं दार उघडलं नाही. आणि प्रशिक्षण म्हणाल तर कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये तीन दिवस : आग लागली तर काय करायचं, आचारसंहिता आणि एक लेखी परीक्षा.

चौदाव्या महिन्यात राजीनामा दिला. पूर्ण दीड लाख मागितले, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडवलं. नव्या ठिकाणी ते पंधरा दिवसांत द्यायचं होतं. एफडी मोडून पैसे भरले.

बाँड नसावाच असं मी म्हणत नाही. पण ज्या कामासाठी माणूस मिळत नाही म्हणून तुम्ही मला बांधून ठेवता, ते काम मला देण्याचं बंधन तुमच्यावरही हवं. करारात काम नेमकं लिहा. माझ्या संमतीशिवाय ते काढून घेतलंत, तर त्याच दिवशी बाँड संपला. इतकंच.

वागळे रोड २२

ताई, कोऱ्या कागदावर सही घेणं चूकच. त्याची बाजू कोणी घेणार नाही. पण तुमची शेवटची अट वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे अठरा माणसं. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून धातू कापणारं, संगणकावर चालणारं पाच अक्षांचं मशीन घेतलं. ते चालवणारा तयार मिळेना, म्हणून आमच्याच एका हुशार मुलाला तीन आठवडे बंगळूरला पाठवलं. फी, राहणं, पगार, सगळं माझं. परत आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या हातून अकरा जॉब भंगारात गेले आणि एकदा स्पिंडल सरळ फिक्श्चरवर आपटला. मी एक शब्द बोललो नाही, शिकताना हे होतंच. आठव्या महिन्यात तो रबाळ्याला गेला, नऊ हजार जास्त मिळाले म्हणून. बाँड नव्हता. मशीन पाच आठवडे झाकून ठेवलं होतं, हप्ता मात्र चालू होता.

आता तुमची अट. 'फक्त प्रोग्रामिंग' असं करारात लिहिलं आणि महिनाभर ऑर्डरच नसली तर? तो मुलगा इन्स्पेक्शनला बसतो, कधी डिस्पॅच बघतो. मीसुद्धा बघतो. छोट्या कारखान्यात काम असं कप्प्यात बसत नाही. तुम्ही म्हणता त्या दिवशी बाँड संपला तर मंदीच्या पहिल्याच आठवड्यात माझा शिकवलेला माणूस मोकळा.

पारसिक

काका, नऊ हजार तुम्ही वाढवले असते तर तो रबाळ्याला गेला असता का? बाँड म्हणजे पगार न वाढवता माणूस अडवायची युक्ती. कळव्याहून दोन गाड्या बदलून येणाऱ्या पोराला दीड लाखाची भीती दाखवायची, हे वेठीला धरणंच आहे. मी कुठलाच बाँड मानत नाही.

ऐरोली सेक्टर ८

मी एचआरमध्ये चौदा वर्षं आहे. निशिगंधताईंचं परिशिष्ट कोरं राहिलं याची मला लाज वाटते. ते कसं राहतं तेही सांगते. विभागप्रमुख कामाचं वर्णन लिहून देत नाहीत आणि उमेदवाराची रुजू व्हायची तारीख थांबत नाही.

पण पारसिक, 'बाँड मानत नाही' म्हणून भागत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात बाँड उचलून धरला. तीन वर्षांची किमान सेवा, आधी सोडल्यास दोन लाख. पद होतं सीनियर मॅनेजर, कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे विशेष कौशल्याचंच. ते अधिकारी २००७ मध्ये या पदावर रुजू झाले, २००९ मध्ये राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेले. न्यायालय म्हणालं, ही अट नोकरीच्या मुदतीपुरती आहे, पुढे धंदा किंवा नोकरी करायला ती आडवी येत नाही, आणि सरकारी बँकेला नवा माणूस घ्यायचा तर जाहिरातीपासून सगळी भरती पुन्हा करावी लागते. तेव्हा रक्कम अवाजवी नाही.

कामाच्या स्वरूपाबद्दल मी काकांच्या बाजूने आहे. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी प्रोजेक्ट बदलतात. पद करारात घट्ट बांधलं तर माणसाला नवीन काही शिकताही येणार नाही. 'कंपनी वेळोवेळी सोपवेल ते काम' हे कलम लबाडीने घातलेलं नसतं.

तलावपाळी

ठाण्याच्या कोर्टात कामगारांच्या बाजूने काम करतो, म्हणून दोन गोष्टींची गल्लत सोडवतो. नोकरीत असतानाचं बंधन वेगळं आणि सोडल्यानंतरचं वेगळं. 'सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही' हे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तरी निम्म्या करारांत ते छापलेलं असतं आणि पोरं घाबरतात.

नोकरीच्या मुदतीतलं बंधन मात्र टिकू शकतं, आणि त्याचा गाजलेला निकाल आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९६७ चा. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरकॉर्डचं, म्हणजे टायरमधल्या मजबूत धाग्याचं, तंत्रज्ञान हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून आणलं होतं, गुप्तता पाळण्याच्या अटीवर. तिथे गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते, करार पाच वर्षांचा. कंपनीने त्यांना ते काम शिकवलं. मध्येच ते राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कारखान्यात गेले. कराराच्या मुदतीत तेच काम दुसरीकडे करायला त्यांना मनाई झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. का, तर ती मनाई मुदतीने, प्रदेशाने आणि कामाच्या प्रकाराने मर्यादित होती. परत कल्याणला कामावर या, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. तसं सांगताच येत नाही.

आणि दीड लाख हा आकडा म्हणजे हुंडी नव्हे. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तीन दिवसांच्या आगीच्या प्रात्यक्षिकाचे दीड लाख कसे झाले, हे कंपनीला सांगावं लागलं असतं. ताई, तुम्ही भरायला नको होते. पण पंधरा दिवसांची टांगती तलवार असताना कोण कोर्टात जातं, तेही मी रोज बघतो.

एक जाता जाता. 'एक्झिक्युटिव्ह' म्हटलं म्हणून माणूस कामगार कायद्यातून बाहेर पडत नाही. प्रत्यक्ष काम काय ते पाहतात, आणि तांत्रिक काम त्यात येतं.

निशिगंध, घणसोली

तलावपाळी, तुमच्या कल्याणच्या निकालातच माझा मुद्दा आहे. मनाई टिकली, कारण ती कोणत्या कामापुरती ते सांगता येत होतं. शिकवलंही तेच होतं. माझ्या परिशिष्टात काहीच नाही. मग मला बांधलं ते नेमकं कशासाठी?

ऐरोलीच्या ताई, विजया बँकेचा निकाल मी मान्य करते. त्यात त्या गृहस्थांचं कॉस्ट अकाउंटंटचं काम काढून घेतलं होतं, असा वाद नव्हता. माझा वाद तोच आहे. आणि नवीन शिकायला मिळतं म्हणता, तर सह्या मोजताना मी काय शिकले? दहा महिने हात लावला नाही तर या कामातला अंदाज जातो. पुढच्या मुलाखतीत मला विचारलं, शेवटचं मॅपिंग कधी केलंत? मी खाली पाहिलं. दीड लाखापेक्षा ते मला जास्त लागलं.

काका, तुमचं पाच आठवडे झाकलेलं मशीन माझ्या डोळ्यांसमोर आलं. तुमच्यासारख्यांसाठी बाँड हवा. पण तुम्ही खरोखर तीन आठवडे शिकवलं होतं, पावत्या तुमच्याकडे आहेत. त्या करारात लिहा, आणि दर महिन्याला रक्कम कमी होत जाऊ दे. चौदा महिने राबलेल्या माणसाकडून पहिल्या दिवसाइतकेच पैसे कसे मागता येतील?

कोपरखैरणे

माझा भाऊ पायलट आहे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून घरात त्याच्या नोकरीचीच चर्चा, म्हणून हे माहीत. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. इतकं कडक बंधन दुसऱ्या कुठल्या नोकरीत मी ऐकलं नाही. पण त्याच नियमात हेही आहे की नोटिशीच्या काळात पायलटने दिलेली उड्डाणं नाकारायची नाहीत आणि कंपनीनेही ड्युटी देण्याबाबतचे त्याचे रास्त हक्क काढून घ्यायचे नाहीत. निशिगंधताई हेच मागतायत ना?

पारसिक

वर्षभराची नोटीस! ऐकूनच कसंतरी होतं. पण दोन्ही बाजूंनी लिहिलंय हे बरं. माझं मत बदललं नाही, तरी बाँड असलाच तर असा असावा.

ऐरोली सेक्टर ८

पायलटचं उदाहरण सगळीकडे लागू होत नाही. तो विमानच उडवणार. डेटा सेंटरमधला कूलिंगचा माणूस उद्या पॉवरवर गेला तर त्याचं काम काढून घेतलं म्हणायचं का? 'संमतीशिवाय बदल म्हणजे बाँड रद्द' हे मी माझ्या कंपनीच्या करारात घालणार नाही. परिशिष्ट भरल्याशिवाय सही घ्यायची नाही, एवढं मात्र सोमवारपासून आमच्याकडे मी लावून धरणार. विभागप्रमुख चिडले तर चिडू देत.

वागळे रोड २२

निशिगंधताई, मुलाखतीतलं वाचलं आणि आमच्या जुन्या टर्नरची आठवण झाली. वर्षभर स्टोअरमध्ये होता. परत लेथवर आला तेव्हा हात थरथरत होता त्याचा.

दर महिन्याला रक्कम कमी करणं मला मान्य. पावत्या जोडणंही मान्य. त्याच दिवशी बाँड संपला, हे नाही. मंदीत मला श्वास घ्यायला जागा द्या. आत्ता कारखान्यात बसून हे टाइप केलंय : 'सदर कर्मचाऱ्यास पाच अक्षीय मशीनच्या प्रोग्रामिंग व सेटिंगच्या कामातून सलग साठ दिवसांहून अधिक काळ दूर ठेवल्यास उर्वरित बाँड लागू राहणार नाही.' चालेल?

निशिगंध, घणसोली

साठ जास्त आहेत, काका. पंचेचाळीस करा. आणि 'सलग' नको. एकोणसाठाव्या दिवशी एक दिवस मशीनवर उभं केलं की पुन्हा एकपासून मोजणार. 'वर्षभरात एकूण' म्हणा.

वागळे रोड २२

वर्षभरात एकूण असेल तर पंचेचाळीस मला परवडत नाहीत. नव्वद.

तलावपाळी

आकडा तुम्ही दोघं ठरवा. वाक्यात एकच भर घाला : 'त्याच्या लेखी संमतीशिवाय'. आणि काका, त्या मुलाला करार मराठीत द्या, आदल्या दिवशी, घरी वाचायला.